तलावातलं पाणी फिरतं ठेवा

घरच्या पोहण्याच्या तलावात शेवाळ धरलं की बहुतेक जण आणखी क्लोरीन ओततात. आधी शिडीच्या मागे आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात बोट फिरवून पाहा. तेवढ्याच जागी बुळबुळीत लागलं, तर कमतरता बहुधा प्रवाहाची आहे. साचलेल्या पाण्यातलं क्लोरीन संपतं आणि ताजं तिथवर पोहोचतच नाही.

8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल तलावात 40,000 लिटर पाणी मावतं. ताशी 5,000 लिटरचा पंप 8 तासांत तेवढं पाणी फिल्टरमधून काढतो, पण म्हणून सगळं पाणी गाळलं जात नाही. गाळलेलं पाणी परत उरलेल्यातच मिसळतं. त्यामुळे पाणी उत्तम ढवळलं गेलं तरी एका फेरीअखेर सुमारे 37 टक्के पाणी फिल्टरपर्यंत गेलेलंच नसतं!

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. भिंतीतून पाणी आत सोडणाऱ्या नोझलची तोंडं बहुधा वळवता येतात. ती सगळी एकाच दिशेने, किंचित खाली वळवा. पाणी संथ गोल फिरू लागतं, पानं-कचरा स्किमरकडे, म्हणजे वरचं पाणी ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाकडे, येतो. पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर ठेवा. फार उतरली तर पंप हवा ओढतो.

मोठ्या पंपाची घाई नको. वेग बदलता येणारा पंप निम्म्या वेगाने दुप्पट वेळ चालवला, तर वीज बरीच कमी लागते.

तळाच्या निचऱ्याची जाळी तुटली असेल, तर ती बदलेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. पंपाची ओढ माणसाला तळाशी धरून ठेवू शकते.