‘गोळी घेतली का?’ नाही, ‘किती वाजता घेतली?’

गेल्या वर्षी चुलत बहिणीच्या हळदीच्या गडबडीत बाबांची दोनची गोळी चारला दिली गेली. साडेतीनला बाबा खुर्चीतून उठूच शकेनात. पाहुणे म्हणाले, ‘दमले असतील.’ पण दमले नव्हते, औषध उतरलं होतं. म्हणून आज हा विषय.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. डोपामिन गोळीतून थेट देता येत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात, त्याचं मेंदूत डोपामिन होतं. सोबतच्या कार्बिडोपामुळे ते वाटेतच खर्च होत नाही.

साध्या गोळीतलं लेव्होडोपा रक्तात साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीला उरलेल्या पेशी थोडा साठा धरून ठेवतात, बॅकअप बॅटरीसारखा. त्यामुळे उशीर खपून जातो. काही वर्षांनी ही बॅटरी टिकत नाही. पुढच्या डोसआधीच थरथर आणि ताठरपणा परत येतो. याला ‘वेअरिंग ऑफ’ म्हणतात. तो आळस नाही आणि हट्टही नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. डाळ, पनीर, अंडी यांतली प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात. ती आणि लेव्होडोपा आत शिरतात एकाच दारातून, मग तिथे गर्दी होते. म्हणून गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. प्रथिनं बंद मात्र करायची नाहीत. लोहाच्या गोळीतही अंतर ठेवायचं.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: गोळी मनाने अचानक बंद करायची नाही. जोराचा ताप आणि कमालीचा ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. प्रवासात जास्तीची स्ट्रिप जवळच्या बॅगेत ठेवा. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करायची वेळ आली तर गोळ्यांच्या वेळा नर्सला लिहून द्या. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड पार्किन्सन्स वाढवतं, तेही आधीच सांगा.

आता तुमचं काम. फोनमध्ये प्रत्येक डोसचा अलार्म लावा. आठवडाभर तीन नोंदी ठेवा: गोळी कधी घेतली, असर कधी सुरू झाला, कधी उतरला. न्यूरॉलॉजिस्टना ही नोंद दाखवा. डोस आणि त्यातलं अंतर तेच ठरवतील, आपण नाही.

आमच्याकडे आता दोनचा अलार्म वाजला की मीटिंग म्यूट होते. आधी बाबांची गोळी, मग बाकीचं.