एकपानी संकेतस्थळाचे स्वच्छ पत्ते

एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एक गृहस्थ ग्रंथसूची चाळीत बसले आहेत, अशी कल्पना करावी. हवें तें पुस्तक सांपडतें. ब्राउझरच्या पट्टींतील पत्ता उचलून ते परगांवच्या मुलीला पाठवितात. मुलगी तो उघडते, तों पुस्तकाऐवजीं ‘४०४ : पान सांपडलें नाहीं’ हा शेरा समोर येतो. वडिलांच्या पडद्यावर जें पुस्तक त्याच क्षणीं उघडें आहे, तें मुलीच्या लेखीं अस्तित्वांतच नाहीं. पत्त्याचें एक अक्षरही चुकलेलें नाहीं. मग तो खोटा कां ठरावा?

हें कोडें उलगडण्यासाठीं अशा संकेतस्थळाची रचना ध्यानीं घेतली पाहिजे. साध्या पद्धतींत प्रत्येक पत्त्याला सर्व्हर त्या त्या पत्त्याचें पान देतो. एकपानी पद्धतींत तो आरंभीं एकच पान आणि त्यासोबत जावास्क्रिप्टचा एक प्रोग्रॅम पाठवितो; पुढें हा प्रोग्रॅमच नवी माहिती मागवून पडदा बदलीत राहतो. जुन्या घरांत एकच दालन सकाळीं बैठकीचें, दुपारीं पंगतीचें आणि रात्रीं निजण्याचें होई, तसाच हा प्रकार. दालन एक, नांवें तीन. परंतु देवडीवरच्या पहारेकऱ्याला, म्हणजे सर्व्हरला, तें एकच दालन ठाऊक असतें.

आरंभींच्या काळांत यावर एक युक्ति योजिली गेली. पत्त्यांत ‘#’ हें हॅशचिन्ह आलें, कीं त्यापुढील भाग ब्राउझर सर्व्हरला कधींच कळवीत नाहीं. पाहुण्यानें चिठ्ठी खिशांतच ठेवावी आणि दालनांत शिरल्यावर ती वाचावी, तसें हें होय. पहारेकरी अडवीत नसे हें खरें. पण पाहुणा कोणत्या कामासाठीं आला, हेंही त्याला कळत नसे. शोधयंत्रांनाही आंतील मजकूर दिसेना. म्हणून २००९ सालीं गूगलनें हॅशपुढें उद्गारचिन्ह लिहिण्याची एक योजना मांडली. ट्विटरनें २०१० सालीं तसे पत्ते स्वीकारले, पण २०१२ सालीं ते सोडण्यास आरंभ केला. कारण सगळा प्रोग्रॅम उतरून चालूं होईपर्यंत वाचकाला कांहींच दाखवितां येत नव्हतें. गूगलनेंही २०१५ सालीं आपली शिफारस मागें घेतली.

दरम्यान ब्राउझरांतच नवी सोय झाली होती. २०१४ सालीं प्रमाण म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल ५ मध्यें ‘पुशस्टेट’ ही क्रिया आहे. तिच्या योगें पान पुन्हां न मागवितां पट्टींतील पत्ता बदलतां येतो आणि ब्राउझरच्या इतिहासांत त्याची नोंदही होते. वाचकानें मागें जाण्याचें बटण दाबलें, कीं ‘पॉपस्टेट’ ही सूचना मिळते आणि प्रोग्रॅम पूर्वीचा देखावा पुन्हां मांडतो. हॅश गेला, ‘/पुस्तकें/२१५’ असा सुबोध पत्ता हातीं आला.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. स्वच्छ पत्ता पट्टींत दिसला म्हणजे काम संपलें, असें त्यांस वाटतें. वस्तुतः तें अर्धेंच झालेलें असतें. मुलगी तो पत्ता प्रथमच उघडते, तेव्हां तिच्याजवळ प्रोग्रॅम नसतो. मागणी थेट सर्व्हरकडे जाते आणि या नांवाचें कांहींच त्याच्यापाशीं नसतें. यास्तव पहारेकऱ्यालाच शिकवावें लागतें : मागितलेली फाइल खरोखर असेल तर ती द्यावी, नसेल तर मुख्य पान द्यावें. एन्जिन्एक्स सर्व्हरांत ‘ट्राय-फाइल्स’ आणि अपाचेंत ‘फॉलबॅक-रिसोर्स’ हे आदेश याचसाठीं आहेत. मात्र पाहुण्याच्या हातची चिठ्ठी बदलूं नये. त्याला मुख्य पानाच्या पत्त्याकडे वळवून दिलें, तर तो कशासाठीं आला हें प्रोग्रॅमला कळणारच नाहीं.

आणखी तीन गोष्टींस जपावें लागतें. पहिली, प्रोग्रॅमच्या फाइलींचे मार्ग मुळापासून, म्हणजे आरंभीं तिरकी रेघ देऊन, लिहावे. नाहीं तर ब्राउझर त्या ‘/पुस्तकें/’ या खोट्या कप्प्यांत शोधतो, त्यांच्याऐवजीं पुन्हां मुख्य पानच मिळतें आणि पडदा कोरा राहतो. दुसरी, माहिती पुरविणारे पत्ते या नियमांतून वगळावे. त्यांच्या चुकीच्या मागणीला मुख्य पान हें उत्तर नव्हे. तिसरी, जें पुस्तक मुळांतच नाहीं, त्याच्या पत्त्यालाही हा नियम ‘सर्व ठीक’ असेंच उत्तर देतो. तेथें सर्व्हरनें पुस्तक आहे कीं नाहीं हें पाहून, नसल्यास ४०४ हेंच खरें उत्तर द्यावें.

परीक्षा सोपी आहे. आंतल्या पानाचा पत्ता नव्या खिडकींत उघडावा, पान ताजें करावें आणि मागें-पुढें जाऊन पाहावें. तिन्ही वेळीं योग्य तेंच दिसलें, तर रचना खरी. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीं १९९८ सालींच चांगले पत्ते बदलूं नयेत असा आग्रह धरला होता. पत्ता हें परक्या माणसाला दिलेलें वचन असतें. तें वडिलांच्या पडद्यावर शोभून दिसण्यानें पाळलें जात नाहीं; मुलीच्या हातीं तेंच पुस्तक उघडतें, तेव्हां पाळलें जातें.