तिरप्या अक्षरांची भूमिती

वह्यांची चळत टेबलावर ठेवून बाजूने तिरपी ढकला. उंची तेवढीच राहिली, फक्त उभी कड कलली. संगणक अक्षर कलवतो ते असेच. म्हणून ‘करमाळा’ हा शब्द तिरपा केला, तर शिरोरेषा आडवीच राहते, काने मात्र कलतात.

एकसारख्या बारीक रेघेच्या अक्षरसंचात येथेच घोटाळा होतो. ‘ळ’ची वाटोळी वळणे पाहा. १२ अंश कलवल्यावर उजवीकडे ४५ अंशांत चढणारी रेघ सुमारे १० टक्के बारीक होते, तर डावीकडे तशीच चढणारी ११ टक्के जाड! आकृती काढून ताडून पाहा. चांगला अक्षररचनाकार ही वळणे पुन्हा हाताने सारखी करतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या ‘मुक्ता’ या अक्षरसंचाची बारीक ते ठळक अशी सात रूपे आहेत, तिरपे मात्र नाही. तेथे तिरपेपणाची कळ दाबली, की संगणक नुसती चळत ढकलतो.