गावानं आधीच देऊन टाकलेला निकाल

जेन हार्पर यांच्या 'द ड्राय' या कादंबरीत वाचकाला सगळ्यांत आधी भेटतात त्या माश्या. एका शेतघरात मृतदेह पडले आहेत आणि पोलिसांच्या आधी तिथं माश्या पोचल्या आहेत. त्यांच्या दृष्टीनं यात नवीन काही नाही. चारापाण्याविना खंगलेली जनावरं शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी गोळ्या घालून मारली आहेत, आणि शिवारात अशा मरणांचा खच आहे.

गावाचं नाव किवारा. ते काल्पनिक आहे, पण ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या शेतीच्या पट्ट्यात शोभेल असं. दोन वर्षं तिथं पाऊस नाही. ल्यूक हॅडलर या शेतकऱ्यानं बायको कॅरन आणि लहानगा बिली यांना शॉटगननं मारलं आणि मग स्वतःवरही गोळी झाडली, असं प्रथमदर्शनी दिसतं. वाचली ती फक्त तान्ही शार्लट. कर्ज, करपलेली जमीन, खचलेला माणूस! गावाला उत्तर शोधावं लागत नाही, ते तयारच असतं.

या कादंबरीचं खरं बळ इथं आहे. दुष्काळ हा तिच्यात देखाव्यापुरता आलेला नाही, तो खुन्याच्या कामी येतो. एरवी ज्या घटनेवर शंभर प्रश्न उठले असते, तिच्यावर कुणी एकही प्रश्न विचारत नाही, कारण अशा दिवसांत शेतकरी असं करू शकतो हे सगळ्यांना पटतं. २०१६ साली हे पुस्तक आलं. त्याच वर्षी मिरजेहून रेल्वेनं पाणी भरून लातूरला न्यावं लागलं होतं. शेतकऱ्याच्या मृत्यूमागचं कारण चौकशीआधीच गृहीत धरलं जातं म्हणजे काय होतं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

ॲरन फॉक हा ल्यूकचा बालमित्र. तो मेलबर्नमध्ये पोलिसांत आहे, पण त्याचं काम आर्थिक गुन्ह्यांच्या तपासाचं. खुनांशी त्याचा रोजचा संबंध नाही. तो अंत्यविधीपुरता गावी येतो. ल्यूकच्या आईवडिलांना मुलाचे हिशेब तपासून हवे असतात, म्हणून थांबतो. गावातला सार्जंट राको नोकरीवर नवा असला तरी डोळे उघडे ठेवणारा आहे. त्याला खटकतात काडतुसं. ल्यूककडे होती ती एका कंपनीची आणि गोळ्या झाडल्या गेल्या त्या दुसऱ्याच कंपनीच्या. शिवाय, बापानं सगळं घरच संपवायचं ठरवलं असेल तर शार्लट का वाचली? तिला अजून बोलता येत नव्हतं म्हणून तर नव्हे? ओळख पटवू न शकणारी साक्षीदार मारण्याची गरज खुन्याला वाटली नसेल.

फॉकचं स्वतःचंही एक जुनं दुखणं या गावात आहे. वीस वर्षांपूर्वी एली डीकन ही मुलगी नदीत मेलेली सापडली होती आणि तिच्याजवळच्या चिठ्ठीवर फॉकचं नाव होतं. आपण दोघं मिळून ससे मारायला गेलो होतो, असं ल्यूकनं आणि त्यानं तेव्हा सांगितलं. ते खोटं होतं. संशयापायी फॉक बापलेकांना गाव सोडावं लागलं. आता परतल्यावर फॉक नदीवर जातो, तर तिथं नदीच नाही! पात्रात फक्त धूळ. जिथं एक मुलगी बुडाली, तिथं आज थेंबभर पाणी नाही. त्या जुन्या मृत्यूचा ठावठिकाणाही जणू पुसला गेला आहे, आणि गाव मात्र काहीच विसरलेलं नाही.

हार्पर यांचा जन्म इंग्लंडमध्ये मँचेस्टरला झाला. लहानपणी काही वर्षं त्या ऑस्ट्रेलियात होत्या, २००८ साली पत्रकार म्हणून पुन्हा तिथं आल्या आणि पुढे मेलबर्नच्या 'हेरल्ड सन' दैनिकात काम करू लागल्या. कादंबरीचा पहिला खर्डा झाला तो २०१४ साली, बारा आठवड्यांच्या ऑनलाइन लेखनवर्गात. २०१५ मध्ये अप्रकाशित हस्तलिखितासाठीचा व्हिक्टोरिया राज्याचा पुरस्कार तिला मिळाला, तर २०१७ मध्ये ब्रिटनच्या गुन्हेकथालेखकांचा 'गोल्ड डॅगर'. बातमीदाराची नजर पानापानांत जाणवते. शाळेच्या भिंतीवरची मुलांची चित्रंच पाहा. शेतं तपकिरी रंगवलेली, घरातल्या माणसांचे ओठ खाली वळलेले, आणि एका मुलानं आपल्या मेलेल्या गायीला देवदूतासारखे पंख काढलेले. दुष्काळाबद्दल एवढं बोलणारं दुसरं पान या पुस्तकात नसेल.

ऑस्ट्रेलियात गुन्हेकथेची परंपरा जुनी आहे. फर्गस ह्यूम यांची मेलबर्नमध्ये घडणारी 'द मिस्ट्री ऑफ अ हॅन्सम कॅब' १८८६ साली आली, म्हणजे शेरलॉक होम्सच्या पहिल्या कथेच्या एक वर्ष आधी. पुढे आर्थर अपफिल्ड यांनी गुन्हेकथा शहराबाहेर, ओसाड मुलखात नेली. मृतदेहाचा मागमूस राहणार नाही अशी युक्ती ते १९२९ च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियात मित्रांबरोबर चर्चा करून आपल्या कथेसाठी शोधत होते. ती चर्चा ठाऊक असलेल्या स्नोई रोल्स या माणसानं ती युक्ती प्रत्यक्षात वापरली. तीन माणसं बेपत्ता झाली. राखेत सापडलेल्या एका अंगठीनं त्याला पकडून दिलं आणि १९३२ साली तो फासावर गेला. खटल्यात अपफिल्ड यांना स्वतः साक्ष द्यावी लागली होती.

अलीकडची पिढी याच मातीत उतरली आहे. पीटर टेंपल यांच्या 'द ब्रोकन शोअर'नं २००७ साली ब्रिटनच्या गुन्हेकथालेखकांचा तोच मोठा पुरस्कार मिळवला. गॅरी डिशर यांचा हवालदार हिर्श दक्षिण ऑस्ट्रेलियात एकट्यानं लांबलचक रस्ते तुडवत फिरतो. ख्रिस हॅमर हे तर आधी मरे-डार्लिंग खोऱ्यातल्या आटत्या नद्यांवर पुस्तक लिहून मगच 'स्क्रबलँड्स'कडे वळले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून दहाएक वर्षं चाललेल्या महादुष्काळानं याच खोऱ्याला पिळून काढलं होतं. इतका मोठा घाव त्या देशाच्या लोकप्रिय कथेत उमटला नसता तरच नवल.

'द ड्राय'वर रॉबर्ट कॉनली यांनी केलेला चित्रपट २०२१ च्या पहिल्या दिवशी ऑस्ट्रेलियात लागला. फॉक झाला एरिक बाना, आणि किवारा उभं राहिलं व्हिक्टोरियाच्या विमेरा भागातल्या खऱ्याखुऱ्या गावांमध्ये. चित्रपट चांगला आहे, तरी आधी पुस्तकच वाचावं. गावातल्या माणसांचं एकमेकांकडे बघणं आणि नजर चुकवणं पुस्तकात अधिक सावकाश उलगडतं.

फॉकच्या एकूण तीन कादंबऱ्या आहेत. दुसरी, 'फोर्स ऑफ नेचर', पावसानं चिंब झालेल्या जंगलात घडते. २०२२ च्या 'एक्झाइल्स'मध्ये फॉक दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात जातो. निमित्त असतं राकोच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं. किवारातल्या त्या कोरड्या दिवसांत जोडलेल्या मित्रानं फॉकला मुलाचा धर्मपिता व्हायला बोलावलेलं असतं.