आपलाच संघ भारी का वाटतो?

अमेरिकेत दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास लाखो फुटबॉलप्रेमी ‘फँटसी’ संघ बांधतात. दहा-बारा मित्र आळीपाळीने खरे खेळाडू निवडतात, हाच ‘ड्राफ्ट’. पुढे त्या खेळाडूंच्या मैदानावरील कामगिरीनुसार गुण मिळतात. गंमत म्हणजे ड्राफ्ट संपताच अनेकांना आपलाच संघ सरस वाटू लागतो.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये या वृत्तीला ‘एन्डॉवमेंट इफेक्ट’, म्हणजे मालकीचा मोह, असे नाव दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले गेले. ते विकण्यासाठी त्यांनी मागितलेली किंमत, खरेदीदार देऊ करत असलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती. मग तोच, फक्त ‘माझा’ झाला होता!

मग संघ पारखायचा कसा? नावे झाकून फक्त आकडे पाहा. एकाच आठवड्यात किती खेळाडूंना सुट्टी आहे, मुख्य खेळाडू जायबंदी झाला तर बदली कोण, हे तपासा. शेवटी स्वतःला विचारा, ‘हा खेळाडू दुसऱ्याकडे असता, तर मी तो मागितला असता का?’

माळ्यावरच्या सामानालाही हाच प्रश्न विचारून पाहा.