स्पेंटवॉशला जमतं, शिळ्या वरणाला का नाही?

टाकाऊतून गॅस काढणं अहिल्यानगर जिल्ह्याला नवं नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यानंतर जिल्ह्यात कारखाने वाढले, त्यांना आसवन्या जोडल्या गेल्या आणि त्यांच्या सांडपाण्यापासून, म्हणजे स्पेंटवॉशपासून, बायोगॅस होऊ लागला. मग शहराच्या ओल्या कचऱ्याचं अडतं कुठे? स्पेंटवॉश पातळ, एकजिनसी. बुरूडगावच्या कचरा डेपोकडे निघालेल्या घंटागाडीत मात्र मेथीच्या काड्या, नारळाच्या शेंड्या आणि कॅरीबॅगेत गाठ मारून टाकलेलं शिळं वरण. जिवाणूंनी आधी काय खायचं?

भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात यावर दोन टाक्यांचा तोडगा आहे. पहिलीत कचऱ्याचा लगदा, गरम पाणी आणि हवा. उष्णता मानवणारे जिवाणू तो झपाट्याने फोडतात. दुसरीत हवा बंद. तिथले जिवाणू त्यातून मिथेन बनवतात आणि मागे खत उरतं.

शेंड्या यात घालूच नयेत. त्यांच्या कठीण धाग्यांतलं लिग्निन हवेविना जवळजवळ पचत नाही. त्यांची जागा कंपोस्टच्या ढिगात, तीही बारीक करून. माझ्या मते संयंत्र उभारणं सोपं, गाठी सोडवणारे हात मिळणं अवघड. गाठ सुटली, की कॅरीबॅगेचा प्रश्न उरतोच. पुनर्वापर न होणारं, पण किलोमागे 1500 किलोकॅलरी किंवा अधिक उष्णता देणारं प्लास्टिक भरावात टाकायला 2016 च्या नियमांनी मनाई केली. सिमेंटच्या भट्टीत ते जळण म्हणून चालतं. वरणाने माखलेलं असेल, तर मात्र आधी वाळवावं लागतं.