उंदराचं हृदय आणि नाडी मंद करणारी गोळी

हृदय अशक्त झालेल्या रुग्णाला डॉक्टर बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद करणारी गोळी, लिहून देतात तेव्हा घरची मंडळी बुचकळ्यात पडतात. ‘अहो, आधीच हृदयात जोर नाही, त्यात ही कशाला?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग मिळाला तो उंदरांकडून.

आपण घाबरलो किंवा जिना धावत चढलो, की अॅड्रिनॅलिन आणि त्याचं भावंड नॉरअॅड्रिनॅलिन हृदयाकडे निरोप घेऊन जातात. हा निरोप घेणारे रेणू हृदयाच्या पेशींवर असतात. त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. आपण ग्राही म्हणू. निरोप मिळाला, की ठोके जलद आणि जोरकस होतात. निकामी होत चाललेल्या माणसाच्या हृदयात हे ग्राही जवळजवळ निम्म्यावर येतात, असं १९८२ साली दिसून आलं. मग शास्त्रज्ञांच्या मनात साहजिकच आलं, की ग्राही वाढवून पाहावेत.

१९९४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफकोविट्झ (यांना पुढे २०१२ चं नोबेल मिळालं) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या ‘बीटा-२’ ग्राहीचं जनुक उंदरात घातलं, तेही फक्त हृदयात काम करील अशा बेतानं. ग्राही सुमारे दोनशे पटींनी वाढले. कोणतंही औषध न देता ही हृदयं पूर्ण जोरानं चालू लागली. हृदयविकारावर जनुकोपचार सापडला, अशी आशा पालवली.

पण माणसाच्या हृदयात संख्येनं जास्त असतात ते ‘बीटा-१’ ग्राही. जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या संशोधकांनी १९९९ साली तेच वाढवले, अवघे पाच ते पंधरा पट. तरुणपणी हे उंदीर जोमदार होते. मग हृदयाच्या पेशी फुगल्या, मधे तंतूंचं जाळं माजलं आणि ३५ आठवड्यांच्या सुमारास हृदय थकलं. उंदीर साधारण दोन वर्षं जगतो, म्हणजे हे ऐन उमेदीतच झालं. प्रयोग दोन-तीन महिन्यांत आटोपला असता, तर तो यशस्वी म्हणून गणला गेला असता! मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे वाट पाहणं.

बीटा-२ची गोष्टही पुढे बदलली. २०००च्या एका अभ्यासात साठ पट ग्राही असलेले उंदीर वर्षभर ठीक राहिले. साडेतीनशे पटवाले मात्र २५ आठवड्यांच्या आसपास हृदय निकामी होऊन दगावले.

तेव्हा आजारी हृदयातले ग्राही कमी होतात, ते बहुधा सततच्या निरोपांपासून ते आपले कान झाकून घेतं म्हणून. बीटा ब्लॉकर याच कामाला हातभार लावतात. स्वीडनच्या डॉक्टरांनी १९७५ सालीच हे सुचवलं होतं, पण बराच काळ फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९९९ साली २,६४७ रुग्णांवरच्या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष आले. बिसोप्रोलॉल घेणाऱ्यांत ११.८ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत १७.३ टक्के. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

ही गोळी अगदी छोट्या मात्रेत सुरू करून आठवड्याआठवड्यानं वाढवतात. सुरुवातीला थकवा वाढल्यासारखा वाटू शकतो आणि नेमकी तेव्हाच काही जण ती परस्पर बंद करतात. ती एकदम सोडणं धोक्याचं असतं. थकवा जाणवला तर तो डॉक्टरांच्या कानावर घालावा, मात्रा त्यांनीच बदलावी.